ती नोंद कोणाच्या हातची?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, प्रभूमध्ये सलाम. मी जन्मापासून मंडळीत आहे. लहानपणी बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरण झालं, गेली कित्येक वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते. तरी रात्री दिवा मालवला की एकच विचार येतो : आज मरण आलं तर देव मला स्वीकारेल का? दिवस चांगला गेला असेल तर वाटतं, स्वीकारेल. कोणावर चिडले असेन, प्रार्थना राहिली असेल, तर वाटतं, नाही. आमच्या पाळकसाहेबांनी ख्रिस्ती सिद्धांतांचा अभ्यासवर्ग सुरू केला आहे. मैत्रिणी म्हणतात, सिद्धांत पाळकांना हवेत, आपल्याला प्रभूवर प्रेम करता आलं म्हणजे झालं. मी एकदा जाऊन आले. नीतिमान ठरवणे, प्रायश्चित्त, दत्तकपण असे शब्द ऐकून डोकं जड झालं. असल्या कोरड्या गोष्टींनी माझी भीती कशी जाईल?

– एक भगिनी

उत्तर : ताई, सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘आज मरण आलं तर’ हे शब्द माझ्या एका जुन्या वहीत जसेच्या तसे आहेत.

त्या वहीबद्दल सांगतो. मी एकतीस वर्षं हिशेबनीस होतो. रोजकीर्द, खतावणी, महिनाअखेरचा ताळा, यातच माझा जन्म गेला. तरुणपणी मी आपल्या जिवाचीही रोजकीर्द लिहायला घेतली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. प्रार्थना केली, आजाऱ्याला भेटून आलो, राग गिळला, हे जमेला. घरी तोडून बोललो, दुसऱ्याची बढती ऐकून पोटात दुखलं, उपासनेत लक्ष नव्हतं, हे नावे. ही वही मी सहा वर्षं लिहिली. बहुतेक रात्री नावेच जास्त भरायचं आणि मी घाबरून झोपायचो. जमा जास्त भरायची त्या रात्री घडणारी गोष्ट त्याहून वाईट होती. मला शेजारचा माणूस खुजा दिसू लागायचा. येशूच्या दाखल्यात मंदिरात उभं राहून आपल्या उपासांची यादी वाचणारा परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धर्मनिष्ठ, आणि मी यांच्यात मग फारसं अंतर उरत नसे.

तुमचं ‘दिवस चांगला गेला तर’ वाचलं आणि ती वही डोळ्यांपुढे आली. तुमचं प्रेम कमी पडतंय असं मला वाटत नाही. तुम्ही रोज रात्री एक हिशेब लिहीत आहात आणि तो लिहिण्याचं काम कोणाचं, हे तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

मला ते एका अभ्यासवर्गात समजलं. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय चालला होता. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असं ‘गणण्यात आलं’. हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. शिकवणारे गृहस्थ वयस्क होते, आवाज बारीक. ते म्हणाले, “‘गणणे’ यासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द लोगिझोमाइ. व्यवहारात हा शब्द हिशेब लिहिणारे वापरत. या एका अध्यायात तो ११ वेळा आलाय.” मी मान वर केली. हा तर माझ्या टेबलावरचा शब्द! मग त्यांनी पाचवं वचन वाचलं : जो कर्मं करत नाही, पण अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला जातो. अधर्म्याला! माझ्या वहीत प्रत्येक नोंद माझ्या हातची होती. इथे नोंद करणारा देव होता आणि ज्याच्या खाती ती होत होती त्याच्याजवळ भांडवल म्हणून काहीही नव्हतं.

ताई, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. आधी मला राग आला. एकाची जमा दुसऱ्याच्या खाती टाकणं याला आमच्या धंद्यात अफरातफर म्हणतात. देव प्रेमळ आहे, तो सांभाळून घेईल, असं मला लोक वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि त्याने माझी भीती तसूभरही हलली नव्हती. कारण माझं मन मला सांगायचं की न फेडता मिटवलेलं खातं म्हणजे खोटं खातं. ते कधीतरी कोणीतरी उघडणारच.

तुम्हाला जड वाटलेला ‘प्रायश्चित्त’ हा शब्द, म्हणजे पापाचं देणं भरलं जाणं, नेमका इथे कामाला येतो. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या २६व्या वचनात पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या मरणात देव स्वतः न्यायी ठरतो आणि विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमानही ठरवतो. दोन्ही एकाच वेळी. कर्ज पुसलं गेलं नाही, भरलं गेलं. कलस्सैकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात पौलाने यासाठी वापरलेला शब्द कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या हातचिठ्ठीचा आहे. ती हातचिठ्ठी देवाने वधस्तंभाला खिळली. आणि फिलेमोनाला लिहिलेलं ते २५ वचनांचं लहानसं पत्र काढून बघा. पळून आलेल्या अनेसिम नावाच्या दासाला पौल त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवतोय. तो लिहितो, त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड; मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. पुढे काय घडलं असेल ते मी कितीदा मनाशी पाहिलंय. पत्र फिलेमोनाच्या हातात आहे. तो वाचतोय. समोर अनेसिम खाली मान घालून उभा. त्याच्या हातात काही नाही, पण त्या कागदावर दुसऱ्या कोणाची तरी सही आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही, पण कारण वेगळं होतं. मला कोणी धीर दिला म्हणून मी हलका झालो नव्हतो. खातं कसं मिटलं ते मला समजलं होतं, आणि ते खरोखर मिटलं होतं. वही मी फाडली नाही. शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारली, ‘गणण्यात आले’ एवढंच लिहिलं आणि पेन ठेवलं.

आता ‘कोरडे’ या शब्दाविषयी. सिद्धांत हा शब्द फोडून बघा. सिद्ध आणि अंत. पुन्हा पुन्हा उघडावा लागत नाही असा निकाल. रात्री दिवा मालवल्यावर तुम्हाला हवंय ते हेच नाही का? आपल्या भावना रोज नवा निकाल देतात. मैत्रिणी म्हणतात ते प्रेम मी कमी लेखत नाही, पण प्रेम कोणावर करायचं आणि त्याने आपल्यासाठी काय केलं हे धूसर असलं की ते प्रेमही भीतीच्या वाऱ्यावर हेलकावतं.

नहेम्याचा आठवा अध्याय या दृष्टीने मला फार प्रिय आहे. पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. मंदिराची सेवा करणारे लेवी हे जमलेल्या लोकांमध्ये उभं राहून त्याचा अर्थ सांगतात. समजावून देणाऱ्या १३ जणांची तर नावं दिली आहेत. लोक आधी रडतात. मग त्यांना सांगितलं जातं, रडू नका, खा, प्या, ज्याच्यापाशी काही नाही त्याला वाटा पाठवा, कारण परमेश्वराविषयीचा आनंद हेच तुमचं बळ. आणि १२व्या वचनात त्या उत्सवाचं कारण दिलंय : त्यांना सांगितलेली वचनं समजली होती. समजली म्हणून आनंद. माझ्या मते तो पूर्ण अध्याय म्हणजे तुमच्या पाळकसाहेबांचा अभ्यासवर्गच आहे.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं उदाहरण लोक उलट्या बाजूने देतात. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये एका सभेत त्याचं हृदय विलक्षण उबदार झालं, असं त्याने रोजनिशीत लिहिलं आहे. म्हणजे बघा, हृदय महत्त्वाचं, असं लोक म्हणतात. पण त्या वेळी तिथे काय चाललं होतं? कोणीतरी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. प्रस्तावना! विश्वासाने देव हृदयात काय घडवतो याचं विवेचन. वेस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता, दीक्षित पाळक होता, मिशनकार्यासाठी समुद्रापार जाऊन आला होता. त्याला ख्रिस्तावर, एकट्या ख्रिस्तावर, आपला भरवसा असल्याचं जाणवलं आणि आपली, स्वतःची, पापं त्याने दूर केल्याची खातरी मिळाली. आपल्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनीच लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. एवढी बुद्धिमान बाई, आणि आठ वर्षं! आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं आणि १९२२ मध्ये देह ठेवेपर्यंत त्या त्यात गुंतल्या होत्या. फारसं न शिकलेल्या बायांनाही ते समजावं, हा त्यांचा ध्यास होता. समजण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

एक इशारा मात्र द्यायला हवा. सिद्धांत समजला की त्याच रात्री भीती कायमची पळेल, असं मी म्हणत नाही. वेस्लीने त्याच रोजनिशीत पुढे लिहिलंय की लवकरच सैतान कानाशी लागला : हा विश्वास नव्हेच, तुझा आनंद कुठे आहे? आणि मग तो शिकला की उचंबळून येणारा आनंद देव कधी देतो, कधी राखून ठेवतो. प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा (१६४६) १८वा अध्याय पूर्णपणे तारणाच्या खातरीवर आहे आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खातरीसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते, मिळालेली खातरी डळमळूही शकते. म्हणजे घाबरणारा माणूस बाहेरचाच, असं नाही. शुभवर्तमानातल्या एका आजारी मुलाच्या बापाने येशूला म्हटलं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला विश्वास पुरा करून परत ये असं सांगितलं नाही. मुलगा त्याच दिवशी बरा झाला.

सगळ्या मंडळ्या या बाबतीत एकच शिकवतात असंही नाही. रोमन कॅथोलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये म्हटलं की आपल्याला देवाची कृपा लाभली आहे हे कोणालाही चूक होऊच शकणार नाही अशा विश्वासाच्या निश्चितीने कळू शकत नाही. तिथल्या बंधुभगिनींचा मी आदर करतो. पण योहान आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटी, आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून मी लिहितो, असं म्हणतो. तो ‘कळावं’ म्हणतो आणि मी तिथे पाय रोवून उभा आहे.

वर्गाला जा. प्रत्येक जड शब्दाला एकच प्रश्न विचारा : हे खरं असेल तर आज रात्री दिवा मालवल्यावर काय बदलेल? ‘दत्तकपण’ला विचारून बघा. दत्तक मूल रोज रात्री आपलं वागणं तपासून मग घरात झोपायचं की नाही ते ठरवत नाही. आणि पवित्र आत्म्याला पौल तीन ठिकाणी ‘विसार’ म्हणतो, दोनदा करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, एकदा इफिसकरांस पत्रात. विसार म्हणजे काय ते मला विचारा. विसार देणारा आपल्या शब्दाला बांधला जातो. देवाने तो दिला आहे, ताई.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही तारणाच्या खातरीविषयी ओझरतं लिहिलं होतं. मला शंका आहे. सगळं फेडलं गेलंय आणि ते कायमचं आहे असं माणसाला समजलं तर तो बेफिकीर होणार नाही का? थोडी भीती असलेली बरी, नाही का?

– एक तरुण वाचक

उत्तर : ही शंका तुमच्या मनात आली याचा मला आनंद आहे. कृपा खरोखर कृपा म्हणून सांगितली गेली की ही शंका येतेच. पौलालाही ती ठाऊक होती, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तिच्यापासूनच सुरू होतो. विश्वास शिकवण्यासाठी जर्मनीत तयार झालेल्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत १२९ प्रश्न आहेत आणि त्यातला ६४वा अगदी तुमचाच : या शिकवणीने लोक निष्काळजी आणि दुष्ट होणार नाहीत का? उत्तर एका वाक्याचं. नाही, कारण खऱ्या विश्वासाने ख्रिस्तात कलम केलेल्यांनी कृतज्ञतेची फळं देऊ नयेत हे अशक्य आहे. त्या प्रश्नोत्तरीची मांडणीही पाहा. माणसाची दुर्दशा, मग सुटका, मग कृतज्ञता, असे तिचे तीन भाग आहेत आणि दहा आज्ञांचं विवरण तिसऱ्या भागात येतं. सुटकेच्या आधी नाही, नंतर.

भीतीबद्दल माझा अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हातून एक नोंद चुकली. रक्कम मोठी नव्हती, पण वरिष्ठ कडक होते आणि मी नऊ दिवस ती चूक लपवली. त्या नऊ दिवसांत ती झाकायला आणखी दोन खोट्या नोंदी केल्या. भीतीने मला प्रामाणिक केलं नाही, खोटारडं केलं. जिवाच्या वहीतही हेच चालायचं. घाबरलेला माणूस देवाला आपले कागद दाखवत नाही. स्तोत्र १३० मध्ये एक वचन आहे ज्याने मी पहिल्यांदा गोंधळलो होतो : तुझ्याजवळ क्षमा आहे, यासाठी की तुझं भय धरावं. क्षमा आहे म्हणून भय! हे भय शिक्षेचं नव्हे. ज्याने आपल्यासाठी एवढं भरलं त्याचं मन दुखवू नये, असं आतून वाटणं म्हणजे ते. ते आलं की माणूस पाप कबूल करतो, कारण आता कबूल केल्याने काही बुडणार नसतं.

आणि कोणी खरंच म्हणत असेल की मला खातरी आहे, आता मी वाटेल तसा वागेन, तर त्याने योहानाचं पहिलं पत्र सावकाश वाचावं. खातरी देणारं तेच पत्र भावाचा द्वेष करणाऱ्याला तू अंधारात आहेस असं तोंडावर सांगतं.

प्रश्न : काका, माझ्या आईचं वय झालं आहे. तिला आता काही आठवत नाही. पूर्वी स्तोत्रंच्या स्तोत्रं पाठ होती. आता ‘हे आमच्या पित्या’ ही येशूने शिकवलेली प्रार्थनाही अर्ध्यावर तुटते. परवा तिने मला विचारलं, “येशू कोण?” मी बाहेर जाऊन रडले. तुम्ही म्हणता समजण्यातून खातरी येते. जिची समजच गेली तिचं काय?

– तिची मुलगी

उत्तर : बाळ, तुझ्या पत्राला उत्तर लिहायला मी आठवडा घेतला.

समजण्यातून खातरी येते असं मी लिहितो आणि ते खरं आहे. पण समजण्याने तारण होत नाही. तारण ख्रिस्ताने केलं, समज आपल्याला ते दाखवते. दिवा गेला म्हणून घर जात नाही. आई त्या घरातच आहे. गलतीकरांस लिहिताना पौल एका ठिकाणी वाक्य लिहिता लिहिता स्वतःलाच दुरुस्त करतो : आता तुम्ही देवाला ओळखता, किंवा खरं म्हणजे, देवाने तुम्हाला ओळखलं आहे. तिमथ्याला तो लिहितो की देवाचा पाया पक्का आहे, आणि त्यावरच्या शिक्क्यावर पहिलं वाक्य आहे : प्रभू आपले जे आहेत त्यांना ओळखतो. आईने विचारलं, येशू कोण? येशूला मात्र ती कोण हे विचारावं लागत नाही.

माझी पत्नी गेली त्या वर्षी जवळजवळ आठ महिने मला प्रार्थना जमली नाही. माझं डोकं शाबूत होतं, पण तोंड उघडेना. गुडघे टेकायचो आणि तसाच उठायचो. त्या दिवसांत मला उबदार वाटल्याचं एकदाही आठवत नाही. पण पूर्वी शिकलेलं एक वाक्य होतं, ख्रिस्ताच्या मध्यस्थीच्या धड्यातलं. रोमकरांस आठवा अध्याय. आत्मा आपल्यासाठी शब्दांत न येणाऱ्या उसाशांनी विनंती करतो. त्याच अध्यायात थोडं पुढे, देवाच्या उजवीकडे बसलेला ख्रिस्त आपल्यासाठी विनंती करतो. दोन्हीकडून. माझ्या गप्प बसलेल्या गुडघ्यांवर ते माझ्यासाठी बोलत होते, मी एक शब्दही न बोलता. ते सिद्धांतवाक्य मी चांगल्या दिवसांत केवळ परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तुझ्या आईच्या बाबतीत आज तेच चाललं आहे, ती गप्प असते तेव्हाही, अर्ध्यावर तुटते तेव्हाही.

आणि यशयाच्या ४९व्या अध्यायात देव आईचंच उदाहरण घेतो. आई एखादे वेळी आपल्या पोटच्या मुलाला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. मी तुला आपल्या तळहातावर कोरून ठेवलं आहे. आईही विसरते, हे देवाने तिथे आधीच धरून ठेवलंय. तुझी आई तुला विसरेल असा दिवसही कदाचित येईल. ते वचन त्या दिवसासाठीसुद्धा जपून ठेव.

आता तिच्याजवळ बसून काय करायचं ते सांगतो. तिची परीक्षा घेऊ नकोस. “आई, हे आठवतं का?” असं विचारू नकोस, त्याने तिला आपलं हरवणं पुन्हा कळतं. तूच म्हण. २३वं स्तोत्र तिच्या वयाच्या लोकांना ज्या शब्दांत पाठ होतं त्याच शब्दांत म्हण, नव्या भाषांतरात नको. ती मध्येच ओळ उचलेल. नाही उचलली तरी चालेल. मघाशी मी सांगितलेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न असा आहे : जीवनात आणि मरणात तुझं एकमेव सांत्वन कोणतं? उत्तराची सुरुवात अशी की मी माझा नाही, तर देहाने आणि आत्म्याने, जीवनात आणि मरणात, माझा विश्वासू तारणारा येशू ख्रिस्त याचा आहे. त्यात ‘मला आठवतं’ असं कुठेच नाही. ते मोठ्याने म्हणताना ‘मी’च्या जागी ‘तू’ घाल. “आई, तू तुझी नाहीस, तू येशूची आहेस.”

तिने पुन्हा विचारलं, येशू कोण, तर बाहेर जाऊ नकोस. तिचा हात धर आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगावं तसं सांग. उद्या ती पुन्हा विचारेल. उद्याही सांग.